टायटसच्या कमानीला बगल

गुरुवारी सकाळी मिस्टर एमिलिओ आमच्या म्युझियममधल्या कमानीसमोर येऊन थांबले ते थांबलेच. हातात एक चपटी राखाडी पेटी. पेटीत त्यांच्या घराण्याचं हस्तलिखित प्रार्थनापुस्तक, मध्ययुगात इटलीत लिहिलेलं. ते आत काचपेटीत ठेवायचं होतं आणि रविवारी प्रदर्शनाचं ओपनिंग होतं.

"या ना," मी म्हटलं.

"इथून नाही."

मला वाटलं, चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, उंबरठ्याची भीती वाटत असेल. मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही.

"पाय धडधाकट आहेत माझे," ते म्हणाले. "पण या कमानीखालून मी जात नाही. हे पुस्तकही जाणार नाही."

मी एक्झिबिट डिझायनर. म्हणजे म्युझियममध्ये भिंत कुठे, दिवा कुठे, वस्तू कुठे आणि लोकांनी कुठून शिरून कुठून बाहेर पडायचं, हे ठरवणारी बाई. नागपूरला आर्किटेक्चर केलं, लग्न होऊन नेपरव्हिलला आले आणि ट्रेनने रोज शिकागोतल्या एका छोट्या फर्ममध्ये जायला लागले. २००५च्या नोव्हेंबरातली ही गोष्ट. प्रदर्शनाचा विषय होता जुन्या राजवटींखालचा ज्यू समाज. रोमचे सम्राट, बगदादचे खलिफा, स्पेनचे राजे. कोणी त्यांना दरबारी वैद्य म्हणून मान दिला, कोणी कपड्यावर वेगळी खूण लावायला लावली, कोणी एका फर्मानानं देशाबाहेर काढलं. लीड डिझायनर म्हणून माझा हा पहिलाच प्रोजेक्ट.

आणि कमान ही माझीच आयडिया. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी टायटस नावाच्या रोमन सेनापतीनं जेरुसलेम जिंकलं. तिथलं मंदिर जाळलं, लुटलं. मंदिरातला सोन्याचा सात फांद्यांचा दीप, मेनोरा, रोमच्या रस्त्यातून मिरवत नेला. पुढे टायटस सम्राट झाला आणि त्या विजयाची कमान रोममध्ये उभी राहिली. ती अजून आहे. कमानीच्या आतल्या अंगाला ती लुटीची मिरवणूक कोरली आहे.

मी फोटो पाहिला आणि म्हटलं, झालं, हेच आपलं दार. आपल्याकडे मोठा पाहुणा यायचा असला की आधी रस्त्यात कमान उभी राहते, वर 'सुस्वागतम'. माझ्या डोक्यात तेच बसलेलं. गणपतीच्या मखरासारखी थर्माकोलची कमान करून घेतली, वरून दगडाचा रंग, आतल्या अंगाला त्या मिरवणुकीचं कोरीव पॅनेल. ज्यांचा पराभव साजरा करायला ती बांधली, त्यांच्याच वंशजांना तिच्याखालून 'या या' करत होते मी. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

ड्रॉइंगवर सगळ्यांच्या सह्या होत्या म्हणा. सल्लागार प्रोफेसर स्पेनचे तज्ज्ञ होते. त्यांनी स्पेनची भिंत तेवढी डोळ्यांत तेल घालून तपासली.

मिस्टर एमिलिओंना मी लॉबीत बसवलं, कॉफी आणून दिली. पेटी त्यांनी मांडीवरच ठेवली.

"आम्ही रोमचे," ते सांगू लागले. "त्या कमानीखालून आमच्यातलं कोणी जायचं नाही. माझे वडील माझा हात धरून वळसा घालून न्यायचे. मेनोरा आतल्या बाजूला कोरलेली. मी मान तिरकी करून बघायचो, की वडील हात ओढायचे. समोरच्या बाजूला कोरलेल्या रथाच्या घोड्यांचे पाय दिसायचे कधीतरी. पुढे अठराव्या वर्षी इथे आलो."

"फोटोत तर पाहिली असेल?"

"फोटो काय, ढीगभर आहेत." त्यांनी कप खाली ठेवला. "पोरी, तुझ्यावर राग नाही माझा. मी घरी जातो, एवढंच."

राग असता तर परवडलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझा बॉस रॉन वरच्या मजल्यावर होता. त्याला सांगितलं. त्यानं लगेच कॉम्प्युटरवर शोधलं.

"अगं, ती बंदी कधीच उठली. इस्राएल झालं तेव्हा रोमचे ज्यू त्या कमानीतून उलट दिशेनं चालत गेले. इथे लिहिलंय."

मी खाली गेले, विचारलं, पुन्हा वर आले. "त्यांना माहीत आहे. म्हणतात, वडील त्याआधीच गेले. त्यांना ती संधी मिळाली नाही, म्हणून मीही घेतली नाही."

"मग पुस्तक लोडिंग डॉकनं आत आण. ट्रकच्या दारानं."

"तेही विचारलं. म्हणाले, आमच्या लोकांनी मागच्या दारानं बरीच ये-जा केलीय, शेकडो वर्षं. आता पुरे."

रॉन खुर्चीत मागे रेलला. "पुस्तकाशिवाय उघडू मग. तिथे फोटो लाव."

इथे माझं डोकं सटकलं. "रॉन, अख्खा इटलीचा सेक्शन त्या एका पुस्तकावर उभा आहे. आणि ज्यांचा इतिहास, तो माणूस लॉबीत पेटी घेऊन बसलाय. मी बाजूच्या भिंतीत दुसरं दार पाडते. कमान बंद करते."

"बंद दार पाहुण्याच्या तोंडावर? आपला पहिला नियम काय?"

नियम होता, व्हिजिटरला डेड एंड दाखवायचा नाही. रस्ता संपला की लोक वैतागतात.

"आमच्या महादेवाच्या देवळात पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत," मी म्हटलं. "अभिषेकाचं पाणी बाहेर जातं ती पन्हळ आली की ओलांडायची नाही, उलटं फिरायचं. कोणी वैतागत नाही. नवखा माणूस विचारतो, का? मग त्याला कोणीतरी सांगतं. इथेही विचारू देत."

रॉननं ड्रॉइंग पुढे ओढून बाजूची भिंत पाहिली. मग म्हणाला, "नव्या दाराला फायर इन्स्पेक्टरची सही लागेल, फोन तू करायचा. आणि उद्या सूर्य मावळायच्या आत."

सूर्याचं कारण असं. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ लागतो, तो शनिवार संध्याकाळपर्यंत. त्यात मिस्टर एमिलिओ गाडीत बसत नाहीत, काम करत नाहीत. रविवारी सकाळी पुस्तक ठेवून चाललं नसतं. जुनं चर्मपत्र काचपेटीत ठेवलं की आतली हवा स्थिर व्हायला निदान एक दिवस द्यावा लागतो. आणि नोव्हेंबरात शिकागोचा सूर्य साडेचार वाजायच्या आत गुल होतो.

शुक्रवारी सातला हँक, आमचा सुतार, करवत घेऊन उभा. दार छत्तीस इंच रुंद हवं, व्हीलचेअर सुटसुटीत जायला हवी. पहिलाच काप घेतला आणि आत विजेच्या तारांचा पाइप निघाला. हँकनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो पाइप मीच रात्री पुरला असावा. दार दोन फूट डावीकडे सरकलं. कमानीच्या आत काळा पडदा ठोकला.

पडदा ठोकताना माझं लक्ष मेनोराच्या पॅनेलकडे गेलं. ते आतच राहणार होतं, पडद्यामागे अंधारात. खऱ्या कमानीतही ते आतच आहे. म्हणजे मिस्टर एमिलिओ इथेही मान तिरकीच करणार.

"हँक, हे सोडवून बाहेर लावता येईल? कमानीशेजारी, छातीच्या उंचीला?"

"इतिहासात चूक होईल."

"खाली पाटी लावू, मूळचं आत आहे म्हणून."

सोडवताना एक कोपरा तुटला. हँकनं तो चिकटवला, फटी बुजवल्या आणि पुन्हा राखाडी रंग मारला. इन्स्पेक्टर दोनला यायचा तो तीनला आला. टेप लावून दार मोजलं, दोनदा मोजलं, सही केली.

साडेतीनला मिस्टर एमिलिओ पेटी घेऊन नव्या दारातून आत गेले. ताठ, सरळ, कोणाचा हात न धरता. चार वाजता काचपेटी बंद झाली. बाहेर त्यांची मुलगी गाडीत हॉर्न देत होती.

निघताना ते पॅनेलसमोर थांबले. खांद्यांवर दांडे घेतलेली रोमन माणसं, आणि मधोमध मेनोरा.

"हात लावू?"

"थर्माकोल आहे हो, खुशाल लावा."

त्यांनी अख्खा तळवा मेनोरावर ठेवला. मग मला आठवलं.

"अहो, रंग ओला आहे."

त्यांनी हात काढून बघितला. तळवा राखाडी झालेला. मी धावत ओला रुमाल आणला. त्यांनी घेतला नाही. हसले, आणि ती मूठ मिटून कोटाच्या खिशात घातली.

"टायटसनं नेली," ते म्हणाले. "मी थोडी घरी घेऊन चाललोय."

मला रडू आलं. हँक करवतीची वायर गुंडाळत राहिला.

रविवारी रॉन पाहुण्यांना सांगत होता की बंद कमान हीच पहिल्या दिवसापासून आमची कन्सेप्ट होती. सांगू दे बापडा. मेनोरावर तळव्याचा फिकट ठसा उमटला होता. हँक रंग मारायला आला, मी त्याला परत पाठवलं.

त्यानंतरच्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये मी एक गोष्ट केली. ज्यांचा इतिहास मांडायचा, त्यांच्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बोलावून ड्रॉइंगवर बोटानं चालायला लावलं. बोट जिथे अडतं, तिथे दार काढायचं नाही. बाकीच्यांच्या सह्या नंतर घेतल्या तरी चालतात.