गच्चीवरचा फोटो
नवरात्रात गरब्याचे ढोल वाजू लागले की मला ताईचा फोटो आठवतो. वडिलांना नको असलेल्या मुलाशी लग्न करायला ती अष्टमीला घरातून निघून गेली आणि खुशाली म्हणून गच्चीवरचा फोटो तिने फक्त मला पाठवला. मागे आमच्याच शहरातल्या वासणा भागातली पाण्याची टाकी दिसत होती. "जागा शोधून काढ," माझ्या मोबाइलवर तो फोटो पाहून वडील म्हणाले. मी मोबाइलवर नकाशा उघडला, वरून टाकी ओळखली आणि शेजारच्या गच्चीवर बोट दाबून धरलं. अक्षांश-रेखांश उमटले. ते कागदावर लिहून देताना मला माझ्या हुशारीचा अभिमानच वाटला. तासाभरात काकांनी तिला ओढत घरी आणलं. दारातच ती म्हणाली, "तुला एकट्यालाच पाठवला होता रे." महिन्याभरात तिला सुरतेला देऊन टाकली. आजही तिचा फोन मी उचलला तर ती एवढंच म्हणते, "आईला दे."