मखमलीमागचा बाण

थोरलीच्या कात्रीला हात लावायची कोणाची टाप नव्हती. वडील शिंपी होते, त्यांची ती कात्री. पात्याला एवढी घासली गेली होती की मूळची किती रुंद होती ते थोरलीलाच आठवत असेल. शेजारच्या सुनेने एकदा दुधाची पिशवी कापायला मागितली, तर थोरलीने तिच्याकडे असं पाहिलं की बिचारी पुढे महिनाभर साखरसुद्धा मागायला आली नाही.

अडुसष्ट वर्षांची ही बाई, आणि तिच्याहून सात वर्षांनी लहान बहीण. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघी कापडी पताका आणि फलक करत. शाळेच्या खेळांसाठी तिकोनी पताकांच्या माळा, दुकानाच्या उद्घाटनाचे पट्टे, गायनाच्या वर्गासाठी झालर लावलेले पडदेवजा फलक. छापील प्लॅस्टिकचे फलक निघाले तेव्हा सगळे म्हणाले, आता यांचं दुकान बसलं. कसलं बसतंय! प्लॅस्टिक चार उन्हांत फाटतं, आणि ज्याला दहा वर्षं भिंतीवर ठेवायचं असतं तो मुकाट्याने तीन जिने चढून येतो.

कामाची वाटणी ठरलेली होती. कापायचं थोरलीने, शिवायचं धाकटीने. पुढच्या खोलीतली खाट उभी करून भिंतीला लावली की जमिनीवर कापड पसरायला जागा होई. थोरली गुडघ्यांवर बसून खडूने आखायची, कापायची आणि प्रत्येक तुकड्याच्या मागे एक बाण काढायची. शेपटीला बारीक गोल असलेला बाण. वडील तसाच काढत. साध्या कापडाला बाण नसला तरी चालतं, पण मखमलीला तो लागतोच. मखमलीला लव असते. लव खाली जाणारी ठेवली तर रंग उजळ दिसतो, वर जाणारी ठेवली तर तोच रंग काळपट. जमिनीवर पसरल्यावर, वरून बघताना, भल्याभल्यांना फरक कळत नाही; कापड उभं टांगलं की मात्र सगळी लबाडी बाहेर पडते. म्हणून कापण्याआधी तळवा फिरवायचा, लव कुठे जाते ते बघायचं, बाण काढायचा. धाकटी मग तेवढा बाण बघून जोडायची. बाणावर तिचा तळव्याइतकाच विश्वास होता.

दोन वर्षांपूर्वी धाकटीला झटका आला. वाचली, पण डावा हात अर्धामुर्धा राहिला. कप पडायचे. दाराची कडी लावायची राहायची. ताई पाणी मागायची आणि ही आपण कशाला उठलो तेच विसरून खिडकीशी उभी राहायची. थोरली आधी गप्प बसली, मग चिडायला लागली, आणि चिडून झालं की तिला रडू यायचं, ते ती मोरीत जाऊन रडायची. धाकटीची मुलगी दुसऱ्या गावी असते. ती दर आठवड्याला फोनवर म्हणायची, "मावशी, आईला पाठव माझ्याकडे. आता तिच्याकडून काम करून घेऊ नकोस." थोरलीला वाटायचं, बरोबर आहे पोरीचं. माझ्या हट्टापायी ही सुई धरून बसते. शेवटी ठरलं: हातातलं मोठं काम झालं की सोमवारच्या गाडीने धाकटीने लेकीकडे जायचं. कायमचं.

धाकटीला हे सांगितलं तेव्हा ती शिवत होती. तिने दोरा दाताने तोडला.

"तिथे मी काय करू ताई?"

"आराम कर. जन्मभर राबलीस."

"आराम," धाकटी म्हणाली, जसं काही तो परक्या भाषेतला शब्द असावा. मग म्हणाली, "तिच्याकडे शिलाईचं मशीनही नाही."

"म्हणूनच तर पाठवतेय!" थोरली खेकसली, आणि विषय संपला.

ते मोठं काम आलं होतं आगीच्या बंबवाल्यांकडून. त्यांच्या अग्निशमन ठाण्यात नवी बैठकीची खोली बांधली होती, आणि कामावर असताना गेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी तिथे मखमली फलक लावायचा होता. गडद लाल, नऊ फूट उंच, मध्ये सोनेरी कापडाची घंटा, खाली निमुळतं टोक. रविवारी त्या माणसांच्या घरची मंडळी येणार होती. मखमलीचा पन्हा तेवढा रुंद नसतो, म्हणून दोन पट्टे मधोमध जोडायचे. दुकानात त्या रंगाचा शेवटचा ताका होता, त्यात मोजून दोन पट्टे बसले.

पट्टे जोडायच्या दिवशी धाकटीने कापड मांडीवर घेतलं. उजवा हात एका पट्ट्यावरून फिरवला, मग दुसऱ्यावरून, मग पुन्हा पहिल्यावरून.

"ताई, एकदा हात फिरवून बघतेस?"

"कशाला? बाण काढलेत ना मी?"

"काढलेत."

"मग बाण बघ आणि शीव. रविवार डोक्यावर आलाय आणि तुला आता गोंजारायचं सुचतंय."

धाकटी शिवायला लागली. आता तुम्ही म्हणाल, इथेच तिने तोंड उघडायचं. म्हणा बापडे. सख्ख्या बहिणीसमोर तोंड कधी उघडायचं आणि कधी मिटायचं हे बाहेरून सांगणं सोपं असतं.

एरवी फलक तयार झाला की दोघी तो जिन्याच्या कठड्यावरून खाली सोडत आणि तळमजल्यावर उभं राहून बघत, कारण घराचं छत नऊ फुटांना पुरत नव्हतं. नेमका त्याच आठवड्यात जिना रंगवायला काढला होता. ओल्या रंगावर मखमल कोण सोडणार? तशीच गुंडाळली, आणि शुक्रवारी सकाळी दोघी रिक्षाने ठाण्यात गेल्या.

शिडीवर चढायची त्या माणसांना काय नवलाई! दोघांनी दोन मिनिटांत दांडी अडकवली, गुंडाळी सोडली आणि खाली उतरून मागे सरकले.

उजवी बाजू लाल होती. डावी बाजू काळपट लाल, शिळ्या डागासारखी. मध्ये घंटा, आणि घंटेच्या वर-खाली सरळ रेघ, जणू दोन वेगळ्या दुकानांतलं कापड जोडलं होतं. ठाण्याचे साहेब भले माणूस. ते घसा खाकरून म्हणाले, "रंगात थोडा फरक पडला का मावशी?"

थोरलीच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं. धाकटीने पट्टा उलटा जोडला होता, दुसरं काय! बाण समोर असून. आणि थोरली त्या परक्या माणसांसमोर बोलून गेली, "माफ करा साहेब. माझ्या बहिणीला आता कामातलं कळत नाही. झटका आल्यापासून तिचं तिलाच भान नसतं. मीच तिच्या हातात द्यायला नको होतं."

शिडीवाली माणसं खाली बघायला लागली. धाकटी भिंतीशी उभी होती, डावा हात उजव्या हातात धरून.

"हो," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

साहेब म्हणाले, रविवारी सकाळपर्यंत काही करता आलं तर बघा, नाहीतर आहे तसा लावू. परत येताना रिक्षात दोघी दोन टोकांना बसल्या होत्या, मध्ये मखमलीची गुंडाळी.

घरी आल्यावर धाकटी आतल्या खोलीत गेली आणि पिशवी भरायला लागली. सोमवारची तयारी. थोरलीने खाट उभी केली, फलक पालथा पसरला आणि खिडकीच्या उजेडात अस्तर उसवायला बसली. तिला ते उलटे बाण बघायचेच होते. एक वर, एक खाली. खोटं कशाला बोलू, तिला धाकटीला बोलावून ते दाखवायचेही होते. राग असाच असतो, त्याला पुरावा हातात हवा असतो.

अस्तर सुटलं. तिने उजव्या पट्ट्यावरचा बाण बघितला. खाली. डाव्यावरचा बघितला. खाली.

दोन्ही खाली. शेपटीला दोन्हीकडे बारीक गोल.

थोरलीने चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. मग कापड उलटवून तळवा फिरवला. उजव्या पट्ट्यावर हात घंटेपासून टोकाकडे सरळ घसरला. डाव्यावर अडला. लव तिच्या बोटांविरुद्ध उभी राहिली.

शिलाईत काही चूक नव्हती. बाण सांगेल तसा पट्टा जोडला होता. बाणच चुकला होता, आणि या घरात बाण एकच माणूस काढत होतं.

मग तिला सगळं आठवलं. पहिला पट्टा कापून झाला होता आणि फोन वाजला होता. फोनपर्यंत जायला वाट नव्हती म्हणून उरलेलं कापड तिने ओढून बाजूला सारलं होतं. फोन भाचीचा. सोमवारची गाडी नक्की करायला. परत येऊन तिने कापड पुन्हा पसरलं, ते फिरलं होतं की नाही हे बघितलंच नाही, तळवा फिरवला नाही, सवयीने बाण काढला आणि टोक कापलं. बहिणीला कामाचं भान नाही म्हणून तिला घालवायचं ठरवता ठरवता केलेली चूक ती.

आणखीही आठवायला लागलं. पोहण्याच्या तलावासाठी केलेल्या निळ्या पताका. त्यातल्या दोन आखूड कापल्या गेल्या होत्या का? कारण माळेच्या टोकाला दोन पताकांना जोडपट्टी होती, आणि तिने विचारल्यावर धाकटी म्हणाली होती, "शोभेसाठी लावली." शाळेचा तो पिवळा फलक, ज्याला न सांगता झालर लागली होती. किती महिने चाललं होतं हे?

"अगं, इकडे ये," तिने हाक मारली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

धाकटी दारात आली. उसवलेलं अस्तर, उघडे पडलेले बाण आणि जमिनीवर बसलेली ताई बघून तिने काय ते ओळखलं.

"तुला माहीत होतं," थोरली म्हणाली.

"हाताला लागलं ना. तूच शिकवलंयस."

"मग बोलली का नाहीस? सरळ का नाही म्हणालीस, ताई तुझं चुकलंय?"

धाकटी भिंतीला धरून सावकाश खाली बसली. "वाटलं, तिथल्या उजेडात कदाचित दिसणार नाही. आणि म्हटलं, बोलले तर तू कात्री खाली ठेवशील. मी तुला ओळखत नाही का? पुन्हा उचलणार नाहीस. मग तुझ्याकडे काय उरेल? मी तर चाललेच होते."

थोरलीने तोंडावर हात घेतला. या वेळी मोरीपर्यंत जाणं झालं नाही. तिथेच, मखमलीवर, बहिणीसमोर ती रडली. "चारचौघांत बोलले गं मी तुला. आणि तू हो म्हणालीस."

"मग काय भांडायचं होतं तिथे? वर शिडीवर माणसं होती, पडली असती."

थोरलीला रडता रडता हसू आलं, मग पुन्हा रडू आलं. धाकटीने तिला पुरतं रडू दिलं. मग म्हणाली, "घंटा उसवून बाजूला काढायची, डावा पट्टा फिरवायचा, मग घंटा पुन्हा लावायची. टोक वर जाईल ते सरळ कापून टाकू, उजव्याचंही टोक काढू, खाली सरळ झालर. उंची वीत-दीड वीत कमी होईल. तिथे कोण फूटपट्टी घेऊन येणार आहे?"

"हे तू कधी ठरवलंस?"

"शिवतानाच. पण त्यासाठी कापावं लागलं असतं."

आणि कात्रीला हात लावायची टाप नव्हती. ते तिने म्हटलं नाही. थोरलीने खिडकीतली कात्री उचलली आणि धाकटीच्या मांडीवर ठेवली. धाकटी तिच्याकडे बघत राहिली.

"बघतेस काय? उजवा हात चांगला आहे ना तुझा? कापड मी धरते."

धाकटीने आधी दोन्ही पट्ट्यांवरून तळवा फिरवला. मग ताईचा हात धरून तोही फिरवला. मग कापलं. पहिली चीर जराशी वाकडी गेली, थोरलीच्या जिभेवर शब्द आला आणि तिने तो गिळला. सबंध शनिवार दोघी त्यातच होत्या. रविवारी सकाळी फलक लागला तेव्हा वरपासून खालपर्यंत एकच लाल होता. घरची मंडळी यायची होती. साहेब खूश झाले, म्हणाले, "बघा, जमलं की तुमच्या बहिणीला."

"साहेब," थोरली म्हणाली. शिडीवाली दोन्ही माणसं तिथेच होती, ते तिने आधी बघून घेतलं होतं. "परवा मी चुकीचं बोलले. कापणारी मी. चूक माझी होती. हिने शिवण माझ्या खुणेप्रमाणेच केली होती, आणि आज हा फलक नीट आहे तो हिच्यामुळे."

धाकटी म्हणाली, "चल ताई, उशीर होतोय," आणि तिला हाताला धरून बाहेर घेऊन आली.

घरी आल्यावर थोरलीने आतल्या खोलीतली पिशवी उघडली. धाकटीचे कपडे, औषधं, आणि तळाशी सुयांचा डबा. मशीन नसलेल्या घरात न्यायला. तिने एकेक वस्तू काढून जागच्या जागी ठेवली आणि फोन लावला.

"मावशी, उद्या स्टेशनवर मी येते आईला घ्यायला," भाची म्हणाली.

"येऊ नकोस. तुझी आई येत नाहीये."

"का गं? बरं नाही का तिला?"

पुढच्या खोलीत धाकटी जमिनीवर कापड पसरत होती. एका हाताने पसरायला वेळ लागत होता.

"तिला बरंय," थोरली म्हणाली. "मला नाही."