सिस्टरांच्या दवाखान्यातली ओटी

पडदा सरकतो. मखमलीचा नव्हे, हिरव्या जाड कापडाचा. दांडीवरच्या कड्या खळखळतात आणि भाट्याच्या खाडीवरचं सकाळचं ऊन बाळंतिणींच्या खोलीत पसरतं. भिंतीला पाठ लावून खाटा मांडलेल्या, खाटांशेजारी पाळणे, प्रत्येक पाळण्यापाशी एक लाकडी स्टूल. पडदा ओढणारा हात आधी दिसतो. बांगडी नाही, मनगटाला काळा दोरा, कोपरापर्यंत ओला. मागोमाग आवाज येतो, आणि तो असा की कुठल्याही नाटकगृहात शेवटच्या रांगेला खणखणीत ऐकू जावा.

"उठा गो राण्यांनो! पोरं भुकेली झाली, कावळे न्याहारी करून गेले, आणि तुमचा आपला अजून शयनमहाल!"

ही यमुनाबाई. दवाखान्याची आया. बाळंतिणी तिला यमुनामावशी म्हणतात, आणि त्यांच्या सासवाही मावशीच म्हणतात, कारण त्यांचीही बाळंतपणं तिच्याच हातांखालून गेलेली.

दवाखान्याच्या पाटीवर 'सांत आना इस्पितळ' असं लिहिलेलं आहे. रत्नागिरीच्या स्टँडवर उतरून रिक्षावाल्याला ते नाव सांगितलं तर तो डोकं खाजवील. 'सिस्टरांचा दवाखाना' म्हणा, मीटर पडलाच. तो काढला सिस्टर बर्थाने. ती वसईची ख्रिस्ती जोगीण. मुंबईहून बोटी यायच्या त्या काळात एका ट्रंकेसकट बंदरावर उतरली आणि खाडीकाठचं एक कौलारू घर भाड्याने घेऊन बसली. घरात दोन खाटा, एक स्टोव्ह, आणि कौलांमधून उतरणारे विंचू. आता तिथे तीनमजली इमारत आहे, लिफ्ट आहे, काचेच्या पेटीत ठेवायच्या बाळांसाठी वेगळी खोली आहे. पण सिस्टर बर्थाने घालून दिलेल्या दोन रीती अजून जशाच्या तशा आहेत.

पहिली रीत स्टुलाची. आजाऱ्याला किंवा त्याच्या माणसांना काही सांगायचं तर उभ्याने सांगायचं नाही. स्टूल ओढायचं, बसायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, मग बोलायचं. "उभा माणूस घाईत दिसतो, आणि घाईतल्या माणसाला कुणी खरं दुखणं सांगत नाही," असं ती म्हणायची. मोठमोठे डॉक्टर इथे येऊन गेले, त्यांनाही बसावं लागलं.

दुसरी ओटीची. बाळंतीण घरी निघाली की दवाखान्याने तिची ओटी भरायची. तांदूळ, खण आणि आवारातल्या माडाचा नारळ. मग ती सवाष्ण असो, विधवा असो, नवऱ्याने टाकलेली असो की लग्नच न झालेली पोर असो. वसईच्या घरात वाढलेल्या बर्थाला ओटी काही परकी नव्हती, पण मठातल्या वरच्यांना ती खटकली. हे आपल्यात बसतं का, म्हणून त्यांनी विचारलं. बर्था म्हणाली, "माहेरवाशिणीला रिकाम्या पदराने पाठवणं आपल्यात बसतं का?" विषय तिथेच मिटला.

यमुनाबाई या दवाखान्यात पहिल्यांदा आली ती बाळंतीण म्हणूनच. नवरा मुंबईच्या गोदीत होता, पोर पोटात असतानाच तो तिकडे वारला. सासरच्यांनी तिला दवाखान्याच्या पायरीवर सोडलं आणि न्यायला कुणी आलं नाही. निघायच्या दिवशी सिस्टर बर्था ताट घेऊन आली तेव्हा यमुनाबाई मागे सरकली. "मला नको सिस्टर. मी पांढऱ्या कपाळाची." म्हाताऱ्या बर्थाने ताट खाली ठेवलं नाही. "मी कपाळ भरायला आले नाही, ओटी भरायला आलेय," ती म्हणाली, आणि तांदूळ ओतले. मग स्टूल ओढून बसली आणि विचारलं, "आता सांग, कुठे जायचंय?" यमुनाबाई कुठेच गेली नाही. पोर दवाखान्याच्या आवारात रांगायला लागलं, शाळेत गेलं, आता चिपळूणला वायरमन आहे. आणि तेव्हापासून बाळंतिणींच्या ओटीचं ताट यमुनाबाईच्या हाती आहे.

यंदाच्या गणपतीनंतर तेजस्वी आली. आरे गावची सून, कोवळी पोर. नवरा संदेश मोठ्या मालवाहू बोटीवर होता. परक्या बंदरात तो वरून खाली पडला आणि घरी आली ती पेटी. तेव्हा तेजस्वीला सहावा महिना होता. तिच्याबरोबर सासू होती, मथुराबाई. ताठ कण्याची, शब्दाला धार असलेली, स्वतः तरुणपणीच विधवा झालेली बाई. एकुलता मुलगा गेला, आता सून आणि तिच्या पोटातलं एवढंच तिचं जग. मुलगी झाली. हाडकुळी, पण आवाज असा की यमुनाबाई म्हणाली, "हिला संगीत नाटकात घाला!" मथुराबाईसुद्धा ओठ दाबून हसली.

मात्र तेजस्वीचा रक्तदाब उतरेना. पावलं सुजलेली, डोकं ठणकतंय. दवाखान्याच्या डॉक्टर सिस्टर ज्युडिथ स्टूल ओढून मथुराबाईसमोर बसल्या. "बाळंत झाली म्हणजे धोका टळला असं नाही, काकू. या दिवसांत फिटचा झटका येऊ शकतो. मी सोडेपर्यंत तिला इथेच राहू द्या." मथुराबाईने मान डोलावली.

चूक झाली ती दुसऱ्या दिवशी, आणि केली यमुनाबाईने.

शेजारच्या खाटेवरची निशिगंधा त्या दिवशी घरी निघाली होती. ताट आलं, तांदूळ पडले, नारळ पडला, बायका हसल्या. तेजस्वीने भिंतीकडे तोंड फिरवलं. यमुनाबाईला स्टूल ओढायचं भान राहिलं नाही. ताट हातात घेऊन, उभ्याउभ्या, खोलीच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं ती म्हणाली, "तोंड फिरवू नको गो तेजस्वी! तू निघशील त्या दिवशी तुझीपण अशीच भरणार. मी स्वतः भरणार!"

दारात पेजेचा डबा घेऊन मथुराबाई उभी होती.

"कुणाची भरणार?"

तिने डबा जवळच्या स्टुलावर आदळला.

"माझा संदेश जाऊन वर्ष उलटलं नाय, आणि त्याच्या बायकोची ओटी भरणार? बाजार मांडून?"

"अहो मथुराबाई, इथली रीतच आहे..."

"तुमची रीत तुमच्यापाशी. आम्हाला गावात राहायचंय. माझी कुणी भरली नाय इतकी वर्षं, मी काय मेले?" तिने खाटेखालची पिशवी ओढली. "ऊठ गो. पोरीला घे. आपण चाललो."

सिस्टर ज्युडिथ धावत आल्या, बसल्या, समजावलं. मथुराबाई ऐकूनच घेईना. "गावातल्या आरोग्य केंद्रात दाखवू. तिथे पण डॉक्टर आहे." तेजस्वीला विचारलं तर ती म्हणाली, "आई म्हणतील तसं." तिचा चेहरा सुजून गोल झाला होता आणि डोळे ती सारखे मिटत होती, उजेड सहन होत नसल्यासारखे.

यमुनाबाईला ते दिसलं. आपल्या एका वाक्याने ही पोर वाटेला लागतेय, हेही दिसलं. व्हरांड्यात मथुराबाई गावाकडची रिक्षा फोनवर बोलवत होती. यमुनाबाईने आतून दोन स्टुलं उचलली, व्हरांड्यात समोरासमोर ठेवली आणि एकावर बसली.

"बसा."

"मला बसायला वेळ नाय."

"रिक्षा येईपर्यंत आहे. बसा."

मथुराबाई बसली नाही, पण फोन खाली केला.

"मी चुकले," यमुनाबाई म्हणाली. "तुम्हाला न विचारता बोलले, चारचौघींत बोलले. तुमच्या मुलाचं दुःख तुमचं, त्यात मी हात घालायला नको होता. ओटी भरणार नाही. ताट तिच्या खाटेपाशी येणार नाही. हा माझा शब्द."

"तुमचा शब्द, आणि त्या सिस्टरांचा?"

"ताट माझ्या हातात असतं, सिस्टरांच्या नाही. हवं तर माझ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून सांगते, तो चिपळुणात आहे, बोलवून घेते. मला शिव्या घाला, दवाखान्याला घाला. पण सुनेला हलवू नका. तुम्ही गाडीत बसलात तर मी रिक्षेपुढे आडवी पडेन. रिक्षावाला आपल्या ओळखीचा निघाला तर तो घालायचा नाही अंगावर, आणि अनोळखी निघाला तर तुमच्या नशिबाने मी मेले."

मथुराबाईने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तोंडाळ आहात."

"आहेच. त्यानेच तर घात केला."

मथुराबाई हळूहळू स्टुलावर बसली. "उद्यापर्यंत थांबते," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाय. पोरीचा चेहरा मला बरा दिसत नाय."

त्याच दुपारी, जेवणाची ताटं उचलत असताना, तेजस्वीला झटका आला. दातखीळ बसली, हातपाय ताठरले, पाळण्यातलं पोर रडायला लागलं. नर्सने तिला कुशीवर वळवलं, सिस्टर ज्युडिथ इंजेक्शन भरतच आत शिरल्या, कड्या खळखळल्या आणि हिरवा पडदा बंद झाला. यमुनाबाईने पोर उचललं, मथुराबाईचा दंड धरला आणि दोघींना व्हरांड्यात आणलं. मथुराबाई थरथरत होती.

पडद्याकडे बघत ती म्हणाली, "निघालो असतो तर गावच्या वाटेवर, आऱ्या-वाऱ्याच्या चढावर असतो आम्ही आता."

"नाही आहात ना? पोरीला घ्या. तिला कळतं कुणाचे हात कापतायत, म्हणून कापू नका."

सिस्टर ज्युडिथ बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा घामाने डबडबलेला होता. त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या, आणि मग म्हणाल्या, "झटका थांबलाय, काकू. 'आई कुठे आहेत' असं तिने विचारलं, म्हणजे शुद्धीवर आहे." मथुराबाईने पदराचा बोळा तोंडात धरला.

त्यानंतर तेजस्वी पुष्कळ दिवस राहिली. रक्तदाब उतरला, पावलांची सूज उतरली, हाडकुळ्या पोरीच्या गालाला खळी पडायला लागली. मथुराबाई रोज घरून कुळथाचं पिठलं आणायची आणि अर्धं यमुनाबाईला द्यायची.

सोडायचा दिवस ठरला तेव्हा सिस्टर ज्युडिथनी विचारलं, "मावशी, ताट?"

"नाही."

"सिस्टर बर्थाच्या वेळेपासून कुणी तशी गेली नाही."

"ही जाईल. रीत मोठी आहे सिस्टर, पण जीव धरून ठेवला तो माझ्या शब्दाने. तो मोडला तर उद्या दुसरी सासू माझं का ऐकेल?" मग ती स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच भांडी घासत बसली. ती घासलेलीच होती.

तेजस्वी तयार झाली. फिकी साडी, मुलगी दुपट्यात. बायकांनी निरोप दिला, पण ताट आलं नाही, आणि ते न आल्याचं सगळ्यांना कळलं. यमुनाबाई पिशवी उचलायला पुढे झाली.

मथुराबाई जागची हलली नाही.

"काल त्या समोरच्या खाटेवरच्या मनस्वीची भरलीत," ती म्हणाली.

"भरली."

"परवा ती दुसरी, वेळणेश्वरची. तिचीही."

"तिचीही."

"आणि माझी सून तशीच जाणार? मरणाच्या दारातून आली ती?"

"तुम्हाला शब्द दिलाय, मथुराबाई."

"तो परत घ्या." मथुराबाईने पिशवी ओढून घेतली आणि दाराकडे वळली. "मला बघवायचं नाय. माझ्या डोळ्यांसमोर माझा संदेश येईल. मी खाली रिक्षा बघते, तोवर काय ते करून घ्या."

यमुनाबाई स्वयंपाकघराकडे धावली नाही. ती आधी दाराकडे गेली आणि चौकटीत आडवी उभी राहिली. मग तिला स्टुलाची रीत आठवली. तिने हात लांब करून जवळचं स्टूल ओढलं आणि दारातच, वाट अडवून, बसली.

"रिक्षावाल्याला मी थांबायला सांगितलंय," ती म्हणाली. "नारळ मोठा आहे, पोरीच्या हातात बाळ आहे आणि अंगात अजून ताकद नाही, एकटीने तिला पदर पेलायचा नाही. संदेश डोळ्यांसमोर आला तर येऊ दे, त्याचीच बायको आहे. इकडे या आणि पदराचं एक टोक तुम्ही धरा."