बसण्याची पूर्ण हजेरी

अख्ख्या खान्देशात आमच्या शेजारच्या नानांइतका मनापासून बसणारा माणूस झाला नाही. नाना धुळ्याच्या बस डेपोत ड्रायव्हर. शेवटची काही वर्षं त्यांना राखीव ड्यूटी असायची. म्हणजे कुणी ड्रायव्हर आला नाही तर त्याची गाडी न्यायची, तोवर बाकावर बसायचं. इतर लोक तिथे पेंगत. नाना मात्र इस्त्रीच्या खाकीत, नजर ड्यूटी लावणाऱ्या खिडकीकडे. चहा पीत नसत, कारण चहानंतर जावं लागतं आणि नेमकं तेव्हाच पिंपळनेरच्या गाडीला बोलावणं आलं तर? असोद्याच्या एका लग्नात वरातीच्या गाडीचा ड्रायव्हर ऐनवेळी गायब झाला तर आपण हजर असावं म्हणून ते पंगतीत न बसता दाराशी उभ्यानं भरीत-पुरी जेवले. ड्रायव्हर कुठेही गेला नाही, याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं.

दुःख एकच होतं. युनियनशी झालेल्या करारानुसार या बसण्याची हजेरी अर्धीच धरत; आठ तास बसलं की चार. "मी काय अर्धा बसस का? बठ्ठाच्या बठ्ठा बसस!" असं ते दूधवाल्यालासुद्धा सुनावत. नवा करार व्हायच्या सुमारास एक साहेब डेपो पाहायला आले आणि म्हणाले, "नुसतं बसायचं, त्यात काम कसलं?" नानांनी बाक पुसला. "बसा साहेब. मोबाइल नको, पेपर नको, डुलकी नको. खिडकीकडे बघायचं." साहेब हसत बसले. पाचव्या मिनिटाला त्यांचा गुडघा हलायला लागला, अकराव्याला त्यांनी विचारलं, "अजून किती?" "नाव पुकारतील तोवर. नाही पुकारलं तर दोनपर्यंत." साहेब कंबर धरून उठले. पुढच्या करारात पूर्ण हजेरी आली. युनियनवाले म्हणतात त्यांच्यामुळे आली. आमची गल्ली ते मानायला तयार नाही.

पूर्ण हजेरीचं सुख नानांना वर्षभरच मिळालं, मग ते निवृत्त झाले. आता सकाळपासून घराच्या ओट्यावर बसतात, पायांत बूट घालून. त्यांच्या पत्नी अक्का म्हणतात, "पेपर तरी वाचा," तर नाना म्हणतात, "आनि कोनी बलावं तं?" कोणीच बोलावत नाही. मला ते बघवत नाही. परवा काही काम नसताना मी हाक मारली, "नाना, स्टँडवर सोडता का?" वाक्य संपायच्या आत स्कूटर सुरू. स्टँडवर उतरून मी म्हटलं, "निघा आता तुम्ही." तर म्हणाले, "तुमनं काम हुई जाऊ द्या. मी शे आठे." ते इथेच थांबणार, तर आता काम कुठून आणू? मी फलाटांना एक चक्कर मारून परत आलो. नाना स्कूटरवर बसून माझी वाट बघत होते, आणि किती तरी दिवसांनी त्यांचा चेहरा समाधानी दिसत होता. मी खांबाआडूनच मागे फिरलो आणि उगाच आणखी एक चक्कर मारून आलो.