आर्यभटाची लाईन

सावली गावच्या बौद्ध मोहल्ल्यात एक भट राहतो, असं सांगितलं की नवा माणूस आधी हसतो, मग चपापतो. भटू म्हणजे आर्यभट लहानू, धंद्यानं वायरमन. पंच्याहत्तर सालच्या एप्रिलात देशाचा पहिला उपग्रह 'आर्यभट' रशियाच्या रॉकेटवर बसून वर गेला, त्याच दिवशी हा जन्मला. बाप लहानू रेडिओचा भारी शौकीन. बातम्या ऐकल्या अन् बाळंतिणीच्या दाराशी जाऊन ओरडला, "सत्यशीला, पोराचं नाव रेडिओवर आलं!"

त्या नावापायी काय काय झालं! एकदा व्याहाड गावचा एक पाहुणा मोटारसायकल घेऊन दारात हजर. कुणीतरी 'भटाचं घर' म्हणून हेच दाखवलेलं. "सत्यनारायण आहे, चला लवकर." भटूला वाटलं, माइकसेट बिघडला असेल. पकड अन् टेस्टर पिशवीत टाकून तो निघाला. थेट चौरंगासमोर बसवलं तेव्हा उलगडा झाला. खरे भटजी येईपर्यंत यानं त्यांचा बंद पंखा सुरू करून दिला अन् शिऱ्याचा द्रोण चाटूनपुसून घरी आला.

पण एक गोष्ट त्याला हसण्यावारी नेता आली नाही. चौथीत गुरुजींनी सांगितलं, आर्यभट वर गेला अन् आठवडा व्हायच्या आत त्यातल्या यंत्रांची वीज गेली. अख्खा वर्ग ओरडला, "भट्याची लाईन गेली!" झालं. गणितात अडला, लाईन गेली. कबड्डीत बाद झाला, लाईन गेली. बाप म्हणायचा, "आहे रे तो वर. फिरून राह्यला." भटूला वाटे, बाप आपलं मन राखतो. मेलेल्या वस्तूचं नाव आपल्याला चिकटलं, हे त्यानं मनात धरलं ते धरलंच.

म्हणून परवा, बाळंतपणाला आलेली लेक संघप्रिया तान्ह्या पोराला मांडीवर घेऊन जेवताना म्हणाली, "पोराचं नाव आर्यभट ठेवतो," तेव्हा त्याचा घास हातातच राहिला.

"काऊन? दुसरे नाव सरले का? मले जे ऐकावं लागलं ते याले ऐकू देणार नाई."

"अन् याले शिवी घालतो म्हटलं तं?" म्हातारी सत्यशीला मध्येच बोलली. "नाव एकच, मंग आज्यालेबी लागन ना!"

"तुही शिवी दोघायले पुरते, आजी," संघप्रिया हसली. "बाबा, तो उपग्रह खाली कवा आला, मालूम आहे?"

"मी पाळण्यात होतो तवाच खतम झाला."

"यंत्रं बंद पडली. ताऱ्यायचे क्ष-किरण पाहाचे होते, सूर्य पाहाचा होता, ते राह्यलं. पण खाली निरोप देणं त्यानं कित्येक वर्षं सोडलं नाई. अन् बंगलोरच्या शेडमधी ज्यायनं तो बनवला, त्यायचा हात त्याच्यावरच तं बसला. पुढचे सारे उपग्रह, चंद्रावरचं यान, समदं त्याच्यामागून गेलं. तो खाली आला ब्याण्णव साली."

"ब्याण्णव?" भटूनं ताट सरकवलं. "तवा तं मी दहावीत होतो. पोट्टे चिडवत होते तवा तो वरच होता?"

"वरच."

म्हातारी म्हणाली, "तुहा बाप उन्हाळ्यात खाटेवर उताणा पडून मले सांगे, 'आपला थोरला पाह्य, वरून जाऊन राह्यला.' मले तं नुसत्या चांदण्याच दिसे."

भटूला ते अंगण आठवलं. बाप वर बघत पडलेला असायचा, अन् हा शेजारच्या खाटेवर मुद्दाम कूस वळवून झोपायचा. लहानूला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. "बाबा खरं सांगत होता तं," एवढंच तो बोलला अन् हात धुवायला उठला. नावाला हो की नाही, ते कुणाला कळलंच नाही.

नामकरणाच्या दिवशी बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण-पंचशील झालं. मोहल्ल्यातले देवाजी बाळाकडे वाकून म्हणाले, "हं, नाव सांगा."

संघप्रियानं बापाकडे पाहिलं. सगळेच पाहू लागले.

"आर्यभट," भटू खणखणीत बोलला.

"तुमचं नाई हो भाऊ, पोराचं सांगा!"

"पोराचंच सांगून राह्यलो."