मारुतीचा जोर

त्या फलकावरची अक्षरं माझी होती. चाळीच्या गच्चीवर दोन जुनी धोतरं जोडून, गुडघे टेकून मी ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ असं रंगवलं, दोन टोकांना दोन बांबू बांधले आणि डावा बांबू मीच धरणार, असं सगळ्यांना बजावून सांगितलं. लालबागपासून चौपाटीपर्यंत. ज्याला मजकूर पटलाय त्याला बांबू जड होत नाही, असं माझं ठाम मत होतं.

भायखळ्याच्या पुलाच्या चढावर वारा सुटला. वाऱ्याने फुगलेलं धोतर माणसाला किती ओढतं, हे पत्रकं लिहून कळत नाही. माझं टोक खाली आलं, कापडाला घडी पडली आणि शेवटचा शब्द ‘पा’ या अक्षरावर संपला. कडेला उभ्या लोकांनी ते बरोबर वाचलं. “झालाच पा, झालाच पा,” अशी घोषणा सुरू झाली. उजवा बांबू माझ्या शेजारच्या खोलीतल्या दोस्ताकडे होता. तो गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. तो म्हणाला, “वर घे रे.” मी घेतला. पुन्हा खाली आला. मग कुणीतरी मागून येऊन बांबू माझ्या हातातून काढून घेतला आणि पत्रकांचा गठ्ठा माझ्या छातीशी दिला.

“तू लिहितोस ना? मग वाट.”

नंतर चाळीच्या बैठकीत पुढच्या मोर्च्याचा विषय निघाला. बांबू दुसऱ्याला द्यायचं जवळजवळ ठरलंच होतं. मी भांडलो. शेवटी एक वडीलधारे म्हणाले, “तालमीत जा. मोर्च्याआधी वस्तादांनी हो म्हटलं, तर बांबू तुझा.” झालं. सबंध महाराष्ट्राचा प्रश्न एका बाजूला आणि माझे दंड दुसऱ्या बाजूला.

तालीम म्हणजे चाळीच्या तळमजल्यावरची एक लांबट खोली. खाली लाल माती, कोनाड्यात शेंदूर फासलेला मारुती. वस्ताद मालवणकडचे, गिरणीतून निवृत्त झालेले. ज्याचे त्याचे जोर ठरलेले असत. ते संपले की वस्ताद हातातली काठी भिंतीवर आपटत आणि म्हणत, “आता तेचो.” म्हणजे मारुतीचा. आपले झाले की एक जास्तीचा जोर मारुतीसाठी काढायचा, अशी तिथली रीत.

आमच्या गिरणगावात ‘एकच जास्त’ हे शब्द कोण वापरतं, हे मला पक्कं माहीत होतं. एका माणसाच्या अंगावर आणखी एक साचा टाकताना हेच म्हणतात. एकच तर आहे, काय होतंय. त्यावर मी गिरण्यांच्या दारात पत्रकं वाटलेली. आणि इथे दिवसभर साच्यांमागे धावून आलेली माणसं देवाच्या नावाने आणखी एक फुकटचा काढत होती. मी मातीतून उठलो आणि बोललो. मालक गिरणीत जादा काम घेतो आणि इथे देव घेतो, मग फरक काय, असं विचारलं. भाषण चांगलं झालं. दोघातिघांनी “बरोबर बोलतोय” म्हणून अंगावरची माती झटकली. तालमीत संप झाला.

वस्तादांनी मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. “मारुतीक तुझो जोर कित्याक व्हयो? तो डोंगर उचलून हाडता.” एवढंच बोलून ते दुसऱ्या माणसाकडे वळले.

माझे ठरलेले जोर मी नेमाने काढत होतो. ना एक कमी, ना एक जास्त. सुरुवातीला धाप लागायची, मग लागेनाशी झाली. मला वाटलं, तयारी झाली. म्हणून एका संध्याकाळी गच्चीवर तो बांबू घेऊन उभा राहिलो, कापड बांधलेलंच होतं. भायखळ्याला जसा खाली आला होता, तसाच आला. मी हादरलो. इतके दिवस मी जे करत होतो ते मला सोपं झालं होतं, आणि म्हणूनच त्याचा उपयोग संपला होता.

माझा दोस्त माझ्याबरोबरच तालमीत येऊ लागला होता. माझं भाषण त्याने ऐकलं होतं, टाळीही वाजवली होती, पण संपात आला नव्हता. त्याच्या खांद्यांचा आकार बदललेला सरळ दिसत होता. मी त्याला जिन्यात अडवलं.

“तू किती काढतोस आता?”

“तुझ्यापेक्षा बरेच.”

“आपल्याला सारखेच दिले होते ना?”

“दिले होते. पण मारुतीचा जोर नीट निघाला, कोपर न लटपटता, की दुसऱ्या दिवसापासून तो आपल्यात धरतात. मग मारुतीचा नवा. तुला ठाऊक नाही?”

मी तसाच खाली उतरलो. वस्ताद माती चाळत बसले होते. मला राग आला होता आणि तो रास्त होता. “हे आधी सांगायला काय झालं होतं?”

“तू इचारलंस खंय? तू भाषण केलंस.”

“मी नव्हतो विचारत, तर तुम्ही सांगायचं. नव्या माणसाला काय कळणार? त्याला फक्त काठीचा आवाज ऐकू येतो.”

त्यांनी चाळण बाजूला ठेवली. मग म्हणाले, “ह्यां खरां. भिंतीर लिही.”

मी लिहिलं. मारुतीच्या कोनाड्याखाली, फलकाच्याच उरलेल्या रंगाने: ‘जास्तीचा जोर मारुती ठेवून घेत नाही. तो तुमच्यात जमा होतो.’ गिरणीतला जादा साचा कोणाच्या पदरात जमा होतो, तेही खाली लिहिणार होतो. वस्तादांनी ब्रश काढून घेतला. संप मिटला. माझं गिरणीबद्दलचं म्हणणं मात्र आजही तेच आहे, त्यातला एक शब्दही मी मागे घेतलेला नाही. जास्तीचे कष्ट वाईट नसतात. ते ज्याने केले त्याला परत मिळतात की नाही, एवढंच विचारायचं असतं.

मोर्चा जवळ आला होता. तालमीतलं पुरेना, म्हणून मी सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालायच्या काठीवर ओली चादर टाकून ती समोर धरून उभा राहू लागलो. आधी गिरणीचा भोंगा वाजून संपेपर्यंत. ते जमलं, तेव्हा त्याचा आवाज कानातून पुरता जाईपर्यंत. मग दूधवाला जिना चढून येईपर्यंत. रोज थोडंसंच पुढे. फार मोठं काही एका दिवसात करायला गेलो असतो, तर दुसऱ्या दिवशी काठी उचललीच नसती. वहिनी दारातून बघायची.

“भावजी, चादर वाळली. आता तरी खाली ठेवा, मला बाळाचे लंगोट घालायचेत.”

“अजून जरा.”

“महाराष्ट्र होईल तेव्हा होईल, लंगोट आज लागणार.”

मोर्च्याच्या आदल्या संध्याकाळी वस्तादांनी माझा दंड चाचपला. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. बैठकीत त्यांचा निरोप आला: पुलापर्यंत देऊन बघा.

पुलावर वारा होताच. खांदे पेटले. मी शब्दाकडे बघितलं नाही, पुढच्या दिव्याच्या खांबाकडे बघितलं. तिथवर. तो आला, की त्याच्या पुढचा. बांबू घ्यायला मागून एक जण आला होता, तो थोडं चालून परत गेला. धोबीतलाव गेलं. ठाकूरद्वारला गॅलऱ्यांतून माणसं वाकून वाचत होती, आणि शेवटपर्यंत वाचत होती.

“सोडतोस?” दोस्ताने विचारलं. त्याचाही घाम डोळ्यांत उतरला होता.

“पुढच्या खांबापर्यंत.”

“मघापासून तेच सांगतोयस.”

चौपाटीवर वाळूत बांबू टेकवला, तेव्हा माझी बोटं उघडेनात. दोस्ताने स्वतःचा बांबू कुणाकडे तरी दिला आणि माझ्यासमोर बसून माझं एकेक बोट सोडवू लागला. पलीकडे सभा सुरू झाली होती.

“ठाकूरद्वारपासून इथपर्यंतचं कोणाचं रे?” तो म्हणाला. “तुझं की मारुतीचं?”

“आज त्याचं,” मी म्हटलं. “उद्यापासून माझं.”