सैल केलेल्या गाठी

सासूबाई गेल्या आणि दोन महिन्यांतच मामंजींना नगरजवळच्या भिंगारचं क्वार्टर रिकामं करायला सांगितलं. लष्कराच्या डेपोत तंबू शिवण्यात त्यांचा जन्म गेला होता, पण ती नोकरी आता संपली होती. आम्ही तेव्हा जामखेडला होतो. हे दुष्काळी कामावर हजेरी घेत. मामंजींनी आमच्याकडे यावं हे उघडच होतं, पण ते हटून बसले. "माझी कबुतरं येनार असतील तर येतो. न्हाईतर मी हितंच बरा हाय."

कबुतरं चार होती, दोन जोड्या. सासूबाईंच्या माघारी मामंजी बोलायचे ते फक्त त्यांच्याशीच. ती हातची गेली तर हा माणूस उभाच राहायचा नाही, एवढं आम्हा दोघांना कळत होतं. एसटीत कबुतरं कोण घेऊ देणार? यांनी ओळखीच्या ड्रायव्हरची जुनी अँबॅसडर ठरवली. यांना रजा मिळेना, म्हणून आणायला मीच गेले.

पाळलेलं कबुतर जुनं घर विसरत नाही. नव्या जागी नेलं की महिना-दीड महिना त्याला उडू द्यायचं नाही. तिथं त्यानं घरटं केलं, अंडी घातली, की मग मोकळं सोडायचं. म्हणून निघण्याआधी मामंजींनी एकेकाला मांडीवर घेतलं आणि एका पंखाची मोठी पिसं पांढऱ्या दोऱ्यानं बांधली. म्हातारपणीही त्यांचे हात काय सफाईनं चालत! मी नुसती पाहत बसले होते.

जामखेडचा रस्ता आज दोन तासांचा. त्या उन्हाळ्यात त्यानं अख्खी दुपार खाल्ली. जागोजाग खडीचे ढीग, खडी फोडणारी माणसं, रस्ता सोडून शेतांतून काढलेल्या वाटा. धुळीनं काचा उघडायची सोय नव्हती. वेताची करंडी माझ्या पायांशी होती, तिच्यावर ओलं गोणपाट. मामंजी दर थोड्या वेळानं गोणपाट हातानं चाचपत आणि तांब्यातलं पाणी शिंपडत. मग पाणी संपलं, आणि तेवढ्यात चाकही पंक्चर झालं. ड्रायव्हर चाकाला लागला, मामंजी तांब्या घेऊन वस्तीकडे पाणी मागायला गेले.

मी गोणपाट वर केलं. चौघंही चोची उघडून धापा टाकत होती. एक मादी बांधलेला पंख उचलू पाहत होती आणि पुन्हा कलंडत होती. माझ्यानं बघवेना. मला वाटलं, तेवढ्यापुरता त्यांना जरा आराम. मी चौघांच्याही गाठी सैल केल्या. दोरे काढले नाहीत, नुसते गुंडाळून ठेवले. पोचलो की पुन्हा घट्ट बांधीन असं मनाशी म्हटलं. मोठी शहाणी मी!

पोचेपर्यंत दिवस मावळला होता. मामंजी करंडीजवळून हलेनात. कंदिलाच्या उजेडात त्यांनी पाहिलं, दोरे जागच्या जागी होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ते आल्याच्या पहिल्याच संध्याकाळी बोलणी कोण खाणार? सकाळी बघू म्हणून मी स्वयंपाकाला लागले.

सकाळी मी पाण्याच्या टँकरपाशी रांगेत होते. परत आले तर मामंजींनी अंगणात ज्वारी टाकून करंडी उघडली होती. चौघं दाणे टिपत होती. एकानं पंख झटकले, दोरा गळून पडला, आणि ते उडालं. त्याच्यामागं बाकीची. घरावर एक फेरी मारून ती नगरच्या दिशेनं निघून गेली.

मामंजींनी खाली पडलेला दोरा उचलला. डोळ्यांजवळ नेऊन कितीतरी वेळ पाहिला. मग मला म्हणाले, "पोरी, गाठ बसली न्हाई माझी. हात गेले माझे."

मी पाण्याची घागर खाली ठेवली. मग ती आत नेऊन रांजणात ओतली.

चार दिवसांनी तीच गाडी करून आम्ही भिंगारला गेलो. कबुतरं क्वार्टरच्या कौलांवर बसली होती. मामंजींनी हाक मारताच चारही त्यांच्या पायांशी उतरली. करंडी बरोबर होती, दोराही होता. मी म्हटलं, "मामंजी, बांधा ना आता." त्यांनी दोरा हातात घेतला, परत ठेवला. "नगं. पुन्यांदा तसंच हुईल." नव्या बिऱ्हाडातल्या बाईंना त्यांनी दाणे कधी टाकायचे ते समजावून सांगितलं आणि गाडीत येऊन बसले. रिकामी करंडी मांडीवर घेऊन मी रडले. त्यांना वाटलं, कबुतरांसाठी. तेच माझी समजूत घालू लागले.

त्यानंतर ते सुईत दोरा ओवायलाही यांना सांगत. दाढीला न्हावी घरी येऊ लागला. हात अगदी धड होते त्यांचे, मी रोज बघत होते.

दोन वर्षांनी आम्हाला मुलगा झाला. बारशाला मी बाळ त्यांच्या मांडीवर द्यायला गेले, तर त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "नगं पोरी, पडंल माझ्या हातनं. कबुतरांच्या येळी तू बगितलंस न्हवं?"

मी तोंड उघडलं होतं. पण घर पाहुण्यांनी भरलं होतं, बायका पाळण्याभोवती खोळंबल्या होत्या. मी बाळ पाळण्यात ठेवलं.

मामंजी गेले तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. त्यांनी त्याला एकदाही उचलून घेतलं नाही.